उखाचा वावर की उखाचं वावर

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
शिक्षण विभाग, पंचायत समिती,
शहादा, जि. नंदुरबार.

अर्जदार : दोधू नरोत्तम पाटील, वय ७६, धंदा शेती, रा. मौजे सोनटेक (कळसाडी शिवाराला लागून), ता. शहादा.

विषय : इयत्ता नववीच्या मुलांना आरोपीचे घटनात्मक हक्क शिकवून गावातील वडीलधाऱ्यांचा शब्द मातीमोल करणाऱ्या शिक्षिकेची तातडीने बदली होणे व सदर पाठ बंद होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची गावच्या तंटामुक्ती समितीकडील तक्रार, दि. ११/११/२०२५.
२) समितीच्या सभेचे इतिवृत्त, दि. १८/११/२०२५.
३) भारताचे संविधान (प्रत नातीच्या दप्तरात आहे, ती हात लावू देत नाही).

महोदय,

१. सविनय निवेदन की, अर्जदार खाली जे सांगणार आहे त्यावर आपल्या कार्यालयात, तालुक्यात, किंबहुना तापीपासून सातपुड्यापर्यंत एकाही माणसाचा विश्वास बसणार नाही, हे अर्जदार आधीच ठणकावून नमूद करतो. शहात्तर वर्षांच्या हयातीत अर्जदाराच्या वाट्याला जे आले ते असेच आले, त्याला अर्जदाराचा इलाज नाही. तथापि यातील अक्षर न् अक्षर खरे आहे.

२. अर्जदाराच्या उजव्या मनगटाला प्लास्टर असल्याने त्याने हा अर्ज तोंडी सांगितला असून तो लिहिण्याचे काम नात चेतना (इयत्ता नववी) करीत आहे. मुलगा धर्मेंद्र यास सांगून पाहिले. त्याने फवारणीचे निमित्त काढले आणि पंप पाठीला न लावताच मोटारसायकलवर निघून गेला. ज्या मुलीविरुद्ध आणि जिच्या बाईंविरुद्ध हा अर्ज आहे, तिच्याच हातून तो लिहून घ्यावा लागावा, ही अर्जदाराची काय नामुष्की आहे ते आपण समजून घ्यावे. त्यातही तिने अट घातली की अंगठा घेण्याआधी सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवीन, आणि वाचताना घरातले कोणी काही बोलले तर तेही खाली लिहीन. अर्जदाराने नाइलाजाने होकार दिला. ती आत्ता हसत आहे. हेही तिने लिहावे.

३. हकीकत अशी की, दि. ९/११/२०२५ रोजी रविवारी भर दुपारी अर्जदाराच्या विहिरीवरील पाणबुडी मोटारीची केबल चोरीस गेली. अर्जदार त्या वेळी निंबाखाली पाठ टेकून होता. डोळे मिटलेले होते, पण झोप नव्हती. अर्जदार एकोणीसशे एकाहत्तर सालापासून दुपारी झोपत नाही. चोर आला तेव्हा वाऱ्याची अशी झुळूक उठली की शिवारातली कापसाची कच्ची बोंडे एका दमात उकलली. अर्जदाराने आरोळी दिली. त्या आरोळीने म्हसावदच्या रस्त्यावर एक उसाचा ट्रॅक्टर उभा राहिला म्हणतात. चोर मात्र पळाला आणि मागे धुळीचा जो लोट उठला त्यात त्याचे तोंड दिसले नाही. एवढीच काय ती उणीव राहिली.

यावर नववीच्या वर्गाने एका वहीत नोंदी ठेवल्या आहेत, असे अर्जदाराच्या कानी आले. त्या वहीत म्हणे अर्जदाराने पारावर केबल पहिल्या दिवशी शंभर फूट, चौथ्या दिवशी तीनशे फूट आणि पंधराव्या दिवशी बाराशे फूट सांगितल्याचे तारखेनिशी लिहिले आहे. विहीर साठ फूट खोल असल्याचे कोणीतरी दोरी सोडून मोजून आले. वडीलधाऱ्या माणसाच्या विहिरीत त्याच्या परवानगीशिवाय दोरी सोडणे हे कोणत्या अभ्यासक्रमात बसते, याचा खुलासा आपण मागवावा.

४. अर्जदाराने दि. ११ रोजी तंटामुक्ती समितीकडे लेखी तक्रार दिली. तीत संशयित म्हणून उखा याचे नाव घातले. उखा हा ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी. एकोणीस वर्षे रोज सकाळी व्हॉल्व्ह फिरवतो, त्या पगारावर त्याचे घर चालते. त्याच्याविरुद्ध पुरावा काय, असे समिती विचारील, हे ओळखून अर्जदाराने कचेरीला शोभेल अशा शुद्ध मराठीत एक वाक्य लिहिले. ते जसेच्या तसे येथे देतो : “सदर विहिरीलगत उखा याचा वावर असतो.” यात चूक काय ते आपणच सांगावे. पोलिसांच्या कागदातसुद्धा असेच लिहितात. वर्तमानपत्रात बिबट्याचा वावर असतो, तसा उखाचा.

५. दि. १८ रोजी समितीची सभा झाली. अध्यक्ष लालचंद शेठ किराणावाले. इतिवृत्त लिहायला ग्रामसेवक, ते सातारा बाजूचे, गावात नवीन. त्यांनी अर्जदाराचा कागद वाचून उखास विचारले की विहिरीजवळ तुझा वावर आहे, हे खरे का. उखाने टोपी काढून, हात जोडून, भर सभेत उत्तर दिले :

“हां साहेब, मन्हं वावर तठेच शे. मन्हा बापनं बी तठेच व्हतं.”

ग्रामसेवक साहेबांनी ताबडतोब लिहून घेतले : “संशयिताने स्वतःचा तसेच आपल्या मयत वडिलांचाही वावर कबूल केला.” बापापासूनचा धंदा आहे म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? लालचंद शेठ काही बोलायला तोंड उघडत होते, तेवढ्यात त्यांच्या दुकानात तेलाची गाडी आल्याचा निरोप आला आणि ते तसेच गेले. उखास कामावरून काढण्याची शिफारस झाली, ती अंतिम मंजुरीसाठी ग्रामसभेकडे जायची होती. उखाने घरी जाऊन बायकोला सांगितले म्हणे की साहेबांनी आपल्या शेतीची चौकशी केली, आता काहीतरी अनुदान येईल. तिने शेजारणींना चहा पाजला. अनुदान नसून कामावरून काढणार आहेत, हे त्यांना चार दिवसांनी कळले. प्रकरण इतके सरळ होते. येथेच संपले असते.

६. परंतु दि. २६ नोव्हेंबर रोजी संविधान दिन आला. आमच्या विद्यालयातील शिक्षिका श्रीमती चारुलता बाई यांनी इतर शाळांप्रमाणे उद्देशिका म्हणवून मुलांना गोळ्या वाटून मोकळे व्हायचे होते. ते न करता त्यांनी आठवडाभर आरोपीचे हक्क शिकविले. आरोपीचे! सज्जनांचे हक्क शिकविल्याचे अर्जदाराने अद्याप ऐकलेले नाही. बाईंनी मुलांना काय सांगितले याची यादी अर्जदाराने नातीकडून काढून घेतली आहे : पकडलेल्या माणसाला कशासाठी पकडले ते सांगावे लागते, आणि त्याला समजेल अशा भाषेत सांगावे लागते. त्याला आपल्या पसंतीचा वकील करता येतो. चोवीस तासांत त्याला न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. त्याच्याकडून त्याच्याचविरुद्ध जबरीने वदवून घेता येत नाही. आणि सिद्ध होईपर्यंत तो गुन्हेगार नसतो, नुसता आरोपी असतो.

अर्जदार यावर विचारतो की मग आरोप करणाऱ्याचे काय? त्याला कोणता अनुच्छेद? (अर्जदार कलम म्हणाला होता. लिहिणारीने अनुच्छेद असे दुरुस्त केले. ही तिची वागणूक पाहावी.)

७. दि. २०/१२/२०२५ रोजी शनिवारी उखाच्या विनंतीवरून समितीची पुन्हा बैठक भरली, तीही शाळेच्या सभागृहात, कारण ग्रामपंचायतीत रंगकाम चालू होते. बाईंनी अध्यक्षांची परवानगी घेऊन नववीचा वर्ग मागे बसविला. लालचंद शेठांनी उखास बोलायला सांगितले. त्याने पहिल्या बाकावरच्या अर्जदाराच्या सख्ख्या नातीकडे बोट केले :

“मन्हाकडथाईन हाई पोर बोली.”

अर्जदाराने हरकत घेतली की ही समिती म्हणजे कोर्ट नाही, येथे वकील चालत नाही. तेव्हा चारुलता बाई उठल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या की बरोबर आहे, कोर्ट नाही, म्हणूनच येथे कबुलीही घेता येत नाही. सभागृहात दोन-चार माणसे खाकरली. महोदय, गोड आवाजाची ही बाई अर्जदाराला कोणत्याही वाघापेक्षा धोक्याची वाटते, आणि अर्जदाराने तोरणमाळच्या घाटात वाघ जवळून पाहिलेला आहे.

नातीने अर्जदाराला उभे राहायला सांगितले नाही, बसूनच बोला म्हणाली, गुडघे दुखतात म्हणून. हा अपमान वेगळाच. मग तिने विचारले की तक्रारीतला वावर हा ‘तो वावर’ की ‘ते वावर’. अर्जदाराने सांगितले की व्याकरणाचा तास दुसरीकडे असतो. मग तिने विचारले की उखा काकांशी तुमचे काही वाकडे आहे का. अर्जदाराने नाही म्हटले. त्यावर मागून कोणीतरी मगरीचे नाव काढले.

मगरीची बाब या अर्जाशी संबंधित नाही. तरीही गैरसमज नको म्हणून सांगतो. अर्जदाराने प्रकाशा गावाजवळ तापीच्या पात्रात नऊ हात लांबीची मगर शेपटीला धरून काठावर ओढली होती आणि त्या मगरीने अर्जदाराकडे पाहून नजर खाली घातली होती, हे अख्ख्या पंचक्रोशीला तोंडपाठ आहे. गेल्या पोळ्याला पारावर पाहुणे बसलेले असताना उखा व्हॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून चालला होता. तो थांबला आणि पाहुण्यांसमोर म्हणाला, “आबा, ती मगर नव्हती. बाभूळनं खोड व्हतं. वढाले मी व्हतू ना.” पाहुणे हसले. पाहुणे अर्जदाराच्या सुनेच्या माहेरचे होते. त्यानंतर अर्जदाराने पारावर मगर सांगितलेली नाही. परंतु त्याचा या तक्रारीशी काडीचा संबंध नाही, हे अर्जदार तिसऱ्यांदा सांगत आहे.

पुढे नातीने ग्रामसेवक साहेबांना विनंती केली की तोच प्रश्न उखा काकांना त्यांच्या बोलीत विचारू द्यावा. त्यांनी मान डोलावली. ती उखाकडे वळली आणि विहिरीजवळ त्याचे काय आहे, असे तिने अहिराणीत विचारले, “उखा काका, हिरजोडे तुम्हनं काय शे?” उखा म्हणाला, “सव्वा एकर वावर शे. यंदा दादर ज्वारी पेरेल शे.”

ग्रामसेवक साहेबांनी पेन खाली ठेवले. वावर म्हणजे शेत का, असे त्यांनी विचारले. पहिल्या रांगेतल्या बायांनी एकदम हो म्हटले. साहेब म्हणाले की आमच्याकडे त्याला रान म्हणतात. मग स्वतःच लिहिलेले ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचले, मयत वडिलांपर्यंत आले, आणि त्यांना हसू आवरेना. सबंध सभागृह हसले. लालचंद शेठ इतके हसले की त्यांच्या दातांची कवळी हातात आली. फक्त दोघे हसले नाहीत : अर्जदार आणि उखा. उखा डोळे पुसत होता.

कबुली इतिवृत्तातून वगळण्यात आली. मात्र शिफारस वगळण्याचा अधिकार समितीला नाही, म्हणून ती दि. १२/१/२०२६ च्या ग्रामसभेपुढे तशीच जाणार आहे. लालचंद शेठांनी जाहीर केले की तक्रारदाराने त्या दिवशी येऊन सांगावे, शब्द चुकून लिहिला की उखाचे शेत तेथेच आहे हे माहीत असून समजून लिहिला. चुकून लिहिला असेल तर तक्रार उखाविरुद्ध उभी राहते, फक्त कबुली जाते. समजून लिहिला असेल तर तक्रारच खोटी, आणि उखा आपल्या कामावर.

८. सभा संपताच अर्जदार ताडकन उठून निघाला असता शाळेच्या तिसऱ्या पायरीवरून घसरला व उजवे मनगट मोडले. पडल्या पडल्या अर्जदाराने पायरीला दोन शिव्या दिल्या. जमलेल्या मुलांपैकी एकाने अदबीने विचारले की आबा, पायरीची बाजू ऐकून घेतली का. सबब ही इजा संविधानामुळे झालेली असून तिचा खर्च शिक्षण विभागाने सोसावा.

घरी आल्यावर तरी सुटका व्हावी, तर नाही. मांजराने दूध सांडले, म्हणून अर्जदाराने त्यावर काठी उगारली, तेव्हा मांजराला कारणे कळविली का, असे विचारण्यात आले. शेजारची म्हैस अर्जदाराच्या मेथीत शिरली. म्हशीला चोवीस तासांच्या आत तिच्या मालकापुढे उभे करावे लागले आणि तेवढ्यात राहिलेली मेथी तिने संपविली. पारावर अर्जदार बोलायला लागला की पोरेटोरे वही काढतात. कोणी विचारते साक्षीदार कोण, कोणी विचारते किती वाजले होते. महोदय, वाघ किती वाजता आला होता हे सांगावे लागले तर वाघ सांगण्यात अर्थ काय? चाळीस वर्षे ज्या पारावर लोक अर्जदाराची वाट पाहत बसत, त्या पारावर परवा अर्जदार एकटा बसला होता. समोरून उखा गेला. त्याने रामराम केला. अर्जदाराने केला नाही.

९. तरी आपणास विनंती की :

चारुलता बाईंची बदली अर्जदाराची नात पायी किंवा एसटीने पोहोचू शकणार नाही अशा ठिकाणी व्हावी. पुस्तकातील सदर पानांना सुईदोऱ्याने टाके घालावेत. टाके घालायला अर्जदार माणूस देईल. नववीच्या वर्गाकडील वही सरकारजमा करून ती अर्जदारास परत मिळावी. आणि सर्वात निकडीचे म्हणजे, वावर या शब्दाचा अर्थ फक्त येणेजाणे एवढाच असून तो पुल्लिंगी आहे, असे आपल्या सहीशिक्क्याचे पत्र सोमवार दि. १२ पूर्वी, ग्रामसभा भरण्याच्या आत, अर्जदाराच्या हाती पडावे. आपण शिक्षण खात्याचे अधिकारी आहात. शब्दांवर आपला अधिकार चालत नसेल तर कोणाचा चालतो?

१०. सरतेशेवटी अर्जदार प्रतिज्ञेवर सांगतो की, वावर हा शब्द शेत या अर्थाने अर्जदाराने आजपावेतो कधी उच्चारलेला नाही. अर्जदाराच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेत असेच म्हणतात. तसेच विहिरीलगतचा तो सव्वा एकराचा तुकडा उखाच्या मालकीचा आहे, ही बाब अर्जदारास दि. २० डिसेंबरच्या सभेपर्यंत ठाऊक नव्हती. त्यामुळे अर्जदाराने तो शब्द शुद्ध मनाने व शुद्ध मराठीत लिहिला, चुकून लिहिला, आणि उखाविरुद्धची तक्रार कायम आहे. अर्जदाराच्या म्हणण्याला दुजोरा देणारी चार माणसे तो ग्रामसभेत उभी करील.

आपला नम्र (एरवी, या प्रकरणापुरता नव्हे),

दोधू नरोत्तम पाटील
डाव्या हाताचा अंगठा :

मौजे सोनटेक
दिनांक : ७/१/२०२६

सोबत : १) तक्रारीची प्रत. २) मनगटाचा एक्स-रे (परत करावा). ३) दोन्ही सभांच्या इतिवृत्तांच्या नकला, दुसरीत ग्रामसेवकांनी कडेला “रान!!” असे लिहिले आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे.

लिहून घेणाऱ्याची नोंद

वरील अर्ज आबांनी सांगितला तसा मी लिहिला. अनुच्छेद सोडून एकही शब्द बदलला नाही. लिहून झाल्यावर ओटीवर बसून तो त्यांना मोठ्याने वाचून दाखविला. परिच्छेद दहा वाचत असताना माझी आजी छबूबाई सूप घेऊन दारात उभी होती. ती जे बोलली ते ठरल्याप्रमाणे खाली लिहीत आहे :

“हाई खोटं शे. आज सकायलेच म्हनेत ना, मी वावरमा जाई येस म्हनीसन. पन्नास वरीस व्हयनात, हाऊच सबद आयकी ऱ्हायनी मी. आनि उखानं वावर तठे शे हाई तुम्हले म्हाईत नव्हतं? त्यानाबरोबर बांध तर तुम्हीच मोजेल शे. मी सोमवारे सभामा येस, सांगस.”

आबांनी शाईचे पॅड बाजूला सरकवले. खरे काय, ते मी त्यांना विचारले नाही. गप्प राहण्याचा त्यांना हक्क आहे.

चेतना धर्मेंद्र पाटील
इयत्ता नववी